चंद्रभानची चाकं

पटलं नाही तर उठून जा, पण मधे हसू नका. नरहर माझ्या थोरल्या भावाचा दोस्त. लढाईत ब्रह्मदेशावर हरिकेन विमान उडवलेला माणूस, आणि त्रेपन्न साली वर्ध्याच्या एका कापसाच्या जिनात कारकुनी करत होता. विमानाचं काही सांगायला लागला की लोक म्हणत, "नरहर, आता जमिनीवर ये." मग तो चिडून गप्प बसे.

कार्तिकातली अमावस्या होती. बहिणीच्या लग्नाचं आवतन द्यायला तो सायकलनं सेलूजवळ महादेवरावांच्या शेतातल्या घरी गेला. महादेवरावांचा चंद्रभान त्याचा जोडीदार वैमानिक. उतरताना विमान पोटावर आपटलं आणि तो जळाला. चौकशीत ठरलं, की पोरगा चाकं खाली करायला विसरला. बाप इतकी वर्षं तेच गिळून बसला होता.

जेवणं झाल्यावर नरहरनं पुन्हा तोच विषय काढला.

"काकाजी, तो विसरला नाई. गोळी लागून चाकं उतरवायच्या तेलाची नळी फुटली होती. मी बाजूनंच उडत होतो ना! हातपंपानं चाकं उतरवून राह्यला होता तो. उजव्या हातानं पंप दाबला का डाव्या हातातला दांडा हलते, अन् विमान नाक खालवर करते. शेवटपर्यंत तसंच करत होतं."

"मंग साहेबाले काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं! दहादा सांगितलं! कोणी ऐकूनच नाई घेतलं!"

"तू दोस्त त्याचा. तू असंच सांगशीन." महादेवरावांनी कंदिलाची वात बारीक केली. "विसरलाच तो. शाळेत जातानाबी डबा विसरे."

नरहरचं डोकं भणाणलं. साहेबांनी ऐकलं नाही ते एक वेळ सोडा, पण बापालाही पटू नये? तो तसाच अंगणात आला आणि सायकल उचलली.

तेवढ्यात आवाज आला.

दुरून... एका इंजिनाचा. नागपूरला रात्री टपालाची विमानं येत, पण ती दोन इंजिनांची, आणि उंचावरून जाणारी. हे खाली होतं. फार खाली. दिवा नव्हता.

आवाज चढे... उतरे... चढे... उतरे...

नरहरच्या हातून सायकल पडली. हा ताल त्याला पाठ होता.

"काय आहे रे?" महादेवराव दारात आले.

नरहर आवाजाच्या दिशेनं धावला. मग एकदम ओरडला, "दाब, चंद्रभान! दाब!"

आवाज डोक्यावरून गेला. गोठ्यात बैल उधळले. मागच्या अंगाला काहीतरी धप्पकन टेकलं...

मग काही नाही. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

बऱ्याच वेळानं महादेवरावांनीच कंदील उचलला. घरामागचं वावर गव्हासाठी भिजवून, वखरून ठेवलं होतं. त्यात कोणाचं पाऊल नव्हतं. वावराच्या मधोमध मात्र दोन जाड चाकोऱ्या होत्या. बैलगाडीच्या चाकांपेक्षा कितीतरी जास्त अंतरावर. आणि त्यांच्या मधे एक बारीक रेघ.

"हे... काय आहे?"

"चाकं, काकाजी. मधलं शेपटीचं."

चाकोऱ्या बांधाकडून आल्या नव्हत्या. बांधाकडे गेल्याही नव्हत्या. मधेच सुरू. मधेच संपलेल्या.

महादेवराव खाली बसले. चाकोरीत हात ठेवला. किती तरी वेळ काढला नाही.

"उतरवली त्यानं," ते म्हणाले. "माहा पोरगा विसरला नाई."

त्या साली वावरभर गहू आला. फक्त त्या तीन रेघा तेवढ्या मोकळ्या राहिल्या. पेरलं होतं तिथंही. मी स्वतः जाऊन पाहिलंय.