आत्याच्या पायाचा आवाज

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. जे ऐकलं ते माझ्या दोन कानांनी ऐकलं. कुणाला पटेल, कुणाला नाही पटणार. पण यातलं काहीही मी पदरचं घातलेलं नाही.

आणि ही रात्रीबित्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. थंडीचे दिवस होते, आभाळ भरून आलेलं, बुधवार.

आमच्या गावात काचेचा कारखाना होता. अर्धं गाव त्याच्यावर जेवायचं. कारखान्याच्या मागे कामगारांच्या घरांची एक लांब रांग होती, एकाला एक चिकटलेली घरं. खाली एक खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर, वर एक खोली. सगळे तिला नुसतं 'ओळ' म्हणायचे. एका घरात भांडण झालं की चार घरांना पाठ व्हायचं.

कारखाना बंद पडला. गाव बरीच वर्षं नुसतं बसून होतं.

मग एक कंपनी आली. गावाला पुन्हा उभं करायचं म्हणाली. ओळीतली सगळी घरं घेतली आणि तिथल्या लोकांना मोठ्या रस्त्यापलीकडच्या उंच इमारतीत फ्लॅट दिले. कुणाला उघड्यावर टाकलं नाही, हे खरं आहे. घरात नळ, इमारतीला लिफ्ट, सगळं होतं. फक्त तिथून गावात यायला दिवसातून दोनच बस.

ओळीला रंग लागला. दारांपुढे कुंड्या आल्या. शहरातले लोक दोन-चार दिवस राहायला येऊ लागले. कोपऱ्यावर कॉफीचं दुकान निघालं. तिथे गावातलं कुणी बसत नाही. बसवत नाही.

मला तिथेच काम मिळालं. एक पाहुणे गेले की दुसरे यायच्या आत चादरी बदलायच्या, बाथरूम घासायचं, फरशी पुसायची. गावात बायकांना दुसरं काम नाही. नवरा व्हॅन चालवतो, पण कधी भाडं मिळतं, कधी नाही. त्यामुळे घर माझ्यावरच आहे म्हटलं तरी चालेल.

माझ्याकडच्या घरांत एक घर आत्याचं होतं. ओळीतलं शेवटचं. ती आता पलीकडच्या इमारतीत एकटीच राहायची.

त्याच घरात मी वाढले. आई गेली तेव्हा मला नीट बोलताही येत नव्हतं. आत्यानेच मला मोठं केलं. लहानपणी मी गुबगुबीत होते, म्हणून ती मला 'ठमे' म्हणायची. लग्न झालं, पोरं झाली, तरी ठमीची काही सुटका झाली नाही.

आत्या कारखान्यात पॅकिंगला होती. एकदा पेटी पायावर पडली. तेव्हापासून ती उजवा पाय ओढत चालायची. एक पाऊल टाकायची आणि दुसरं फरफटत आणायची.

टप्... सर्रर्र.

टप्... सर्रर्र.

शाळेतून येताना बाहेर रस्त्यावरूनच कळायचं, आत्या घरात आहे.

तर त्या बुधवारी मी तिच्या जुन्या घरात वरच्या खोलीत होते. पाहुणे सकाळीच गेले होते. मी दार आतून लावून घेतलं होतं. गादीला चादर खोचत होते.

तेवढ्यात खालून आवाज आला...

टप्... सर्रर्र.

मला वाटलं, आली वाटतं आत्या. मनात म्हटलं, बाईने आधी सांगायचं तरी, कंपनीच्या मॅनेजरबाईंनी बघितलं तर मला बोलणी बसतील. मी वरूनच हाक मारली, "आत्या, थांब गं, आले."

आवाज थांबला.

मी खाली आले.

कुणी नव्हतं. दाराला कडी होती, मी लावलेली तशीच.

भास झाला असेल म्हणून मी फडकं घेतलं. तर माझ्यासमोरच, दोन हातांवर...

टप्... सर्रर्र.

मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

आवाज चालत मागच्या बाजूला गेला. कंपनीने मधली भिंत पाडून स्वयंपाकघर आणि खोली एक केली आहे. आता कुठूनही कुठेही जाता येतं. पण आवाज सरळ गेला नाही. भिंत जिथे होती तिथे थबकला. जिन्याकडे वळला, जुनं दार होतं तिथून आत गेला, आणि कोपऱ्यात थांबला. तिथे आत्याची मोरी होती. आता काचेचं कपाट आहे.

आणखी एक गोष्ट माझ्या मागाहून लक्षात आली. कंपनीने खाली लाकडी फरशी बसवली आहे.

आवाज दगडी फरशीवरचा होता.

मी कसंबसं काम उरकलं आणि बाहेर पडले. पहिला विचार आला तो वाईटच. आत्याचं काही बरंवाईट झालं असणार. मिळाली ती बस पकडली आणि पलीकडच्या इमारतीत गेले. लिफ्ट बंद होती. जिने चढत वर गेले.

दार आत्यानेच उघडलं. चांगली धडधाकट.

"ठमे? अशी काय दिसतेस? कुणी पाठीमागे लागलं होतं का?"

मी हसले. हसता हसता रडू आलं. तिने मला बसवलं आणि पाणी आणायला आत गेली.

आणि मी तिच्या पायांकडे बघत राहिले.

ती पाय ओढतच चालत होती. उजवी चप्पल फरशीवर घासत होती. ते मला दिसत होतं.

पण आवाज नव्हता.

अजिबात नाही. टीव्हीचा आवाज बंद केल्यावर माणसं हलतात ना, तशी आत्या हलत होती.

मी नजर वळवली. पण ती मला ओळखून होती. पाण्याचा पेला माझ्या हातात देत म्हणाली, "तुझ्याही लक्षात आलं वाटतं."

"काय गं?"

तिने माझ्या तोंडासमोर टाळी वाजवली. जोरात. तळव्यांचा वारा माझ्या गालाला लागला.

"आला आवाज?"

"नाही," मी म्हटलं.

तिने मोठा सुस्कारा सोडला. "बरं झालं बाई. मला वाटत होतं, माझेच कान गेले."

मग तिने सगळं सांगितलं. इथे आल्यावर आधी पाय वाजायचे थांबले. मग हात. शेजारच्यांचं दार ठोठावलं तर कुणी उघडत नाही. खालची बाई एकदा जिन्यात म्हणाली, तुम्ही किती शांत राहता हो आजी, वर कुणी राहतं असं वाटतच नाही.

"ती कौतुकाने म्हणाली," आत्या म्हणाली. "पण मला जेवण गेलं नाही."

मग मी तिला दुपारचं सांगितलं. ती घाबरेल असं वाटलं होतं. ती नुसती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणजे तिकडेच राहिलं होय."

जणू छत्री विसरली होती.

"मला एकदा ने तिकडे, ठमे. उभ्या उभ्या बघून येईन."

बाहेरच्या माणसाला घरात आणायचं नाही, असा कंपनीचा नियम आहे. सापडले तर काम गेलं. पण आत्याने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. पुढच्या आठवड्यात, दोन पाहुण्यांच्या मधल्या वेळेत मी तिला घेऊन गेले.

आत पाऊल टाकताच ती थांबली. भिंतीवर कंपनीने कारखान्याचे जुने फोटो लावले आहेत. भट्टीसमोर उभे असलेले कामगार. खाली नावं नाहीत. आत्याने एकेक चेहरा बघितला आणि नावं घेत गेली. हा अमक्याचा बाप, हा उधार मागायचा, हा नाचायचा छान.

तेवढ्यात वरच्या खोलीत...

टप्... सर्रर्र.

आत्याने मान वर केली. मी तिचा दंड धरला.

आवाज जिन्यावर आला. एकेक पायरी उतरत खाली आला. जिना नवा आहे, लाकडी. पण वाजत होता तो जुना दगडी जिना. शेवटची पायरी झाली. आवाज आमच्या दिशेने चालत आला आणि आत्याच्या अगदी समोर थांबला.

काही दिसलं नाही. खरंच काही दिसलं नाही.

आत्याने सावकाश एक पाऊल पुढे टाकलं.

टप्.

मग दुसरं ओढलं.

सर्रर्र.

तिच्या तोंडावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. ती घरभर चालली. टाळ्या वाजवल्या, कपाटाची दारं उघडून लावली. सगळं वाजत होतं. मीही हसायला लागले. मग ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "तू जा ठमे. मी इथेच थांबते."

"आत्या, पाहुणे यायचेत."

"येऊ दे की. मी कोपऱ्यात बसेन. कुणाला माझं ओझं नाही व्हायचं."

मी समजावलं, गयावया केली. ती ऐकेना. आणि तेवढ्यात मॅनेजरबाई आल्या, मागे बॅगा घेतलेले पाहुणे. नवरा-बायको आणि एक लहान मुलगी.

मॅनेजरबाई वाईट नाहीत. आमच्याच गावच्या आहेत. त्यांनी आत्याला ओळखलं, मला सगळ्यांसमोर काही बोलल्या नाहीत. आत्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "आजी, उठता ना? ही मंडळी लांबून आली आहेत."

आत्याने माझ्याकडे बघितलं. मग उठली.

दारापर्यंत तिचा पाय वाजत होता. उंबऱ्याशी ती वळली. काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि तसंच एक पाऊल बाहेर पडलं...

ओठ हलत होते.

आवाज नव्हता. आता पायाचाच काय, गळ्याचाही नव्हता.

बसमध्ये ती माझा हात धरून बसली होती. काही विचारलं की मान हलवायची. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी घसा तपासला, सगळं व्यवस्थित आहे म्हणाले. वयामुळे होतं कधीकधी, म्हणाले. मी तिला माझ्या घरी राहायला ये म्हटलं. तिने हात जोडले आणि नको म्हणून मान हलवली. आमची एकच खोली, त्यात पोरं, हे तिला माहीत होतं.

महिनाभरात आत्या गेली.

बाथरूममध्ये पडली होती. लगेच गेली नसावी. दाराच्या आतल्या बाजूला हाताचे ठसे होते, ठोठावल्यासारखे, कितीतरी. भिंतीपलीकडे माणसं होती, खाली माणसं होती. सगळे त्या दिवशी घरीच होते.

कुणाला काही ऐकू आलं नाही. ते खोटं बोलत नव्हते. मला माहीत आहे.

माझं काम सुटलं नाही. मॅनेजरबाईंनी एकदा ताकीद दिली आणि विषय सोडला. दुसरं काम असतं तर मी त्या घरात पुन्हा पाऊल ठेवलं नसतं.

आत्या गेल्यानंतर पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा कुलपात किल्ली फिरवली, आणि आतून आवाज आला...

"आलीस का, ठमे?"

मी दारातच खाली बसले.

अजून येतो. दर वेळी येत नाही. किल्ली फिरवताना कधी येतो, कधी मी फरशी पुसत असताना मागून. मी "हो" म्हणते. दुसरं काय म्हणणार? कधी आवाजच येऊ नये असं वाटतं, आणि नाही आला की मन लागत नाही.

पाहुण्यांनाही ऐकू जातो. त्या दिवशी आलेली ती लहान मुलगी तेव्हाच आईला विचारत होती म्हणे, स्वयंपाकघरातली आजी कुणाला बोलावते. मॅनेजरबाईंनी दोनदा प्लंबर आणून पाइप तपासले. एका पाहुण्याने मात्र मला जाताना विचारलं, "घर फार छान आहे हो. पण गावातली माणसं कुठे राहतात? कुणी दिसत नाही."

मी मोठ्या रस्त्यापलीकडे बोट दाखवलं.

माझ्याबरोबर काम करणारी एक बाई आहे. तिच्याकडे ओळीतली पहिली घरं आहेत. परवा चादरींच्या घड्या घालता घालता तिने हळूच विचारलं, "तुला तिकडे काही ऐकू येतं का गं?"

मी विचारलं, "तुला काय येतं?"

"खोकला. आमच्या मामंजींचा." थोडं थांबून ती म्हणाली, "पण मामंजी तर आहेत अजून. आमच्याबरोबरच असतात, पलीकडे."

"ते घरी खोकतात का?"

तिने घडी हातातच धरून ठेवली. बराच वेळ आठवत राहिली.

मी तिला एवढंच सांगितलं, की त्यांना जुनं घर बघायला आणू नकोस. आत्याला मी तिकडे नेलं नसतं तर ती वाचली असती का, हेही मला माहीत नाही. मी कितीही विचार केला तरी ते सुटत नाही.

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीत दोन माणसं येऊन गेली. हातात मोजायची टेप होती. बोलायला नम्र होती माणसं. दारं, भिंती, गल्लीची रुंदी मोजली. गल्लीचा कायापालट होणार, सगळ्यांचं चांगलं होणार, असं म्हणाली.

तेव्हापासून मी भांडी आपटून ठेवते. दार लावताना धाडकन लावते. नवरा वैतागतो, म्हणतो, जरा हळू, डोकं उठलं माझं.

उठू दे.

त्याला ऐकू येतंय, तेवढं मला पुरे आहे.