बांबूंची वाकडी रांग

किनाऱ्याला चिकटलेला समुद्राचा बर्फ फुटून वाहून जायच्या आत त्यावर बसवलेलं यंत्र सोडवून आणायचं, एवढ्यासाठी सांगलीची अपूर्वा त्या सकाळी अंटार्क्टिकावरच्या तळावरून निघाली होती. बर्फ कधी नि किती सरकला, याची हिवाळाभराची नोंद त्या यंत्राच्या पोटात होती. उपग्रहाच्या रडारचित्रांवरून तिने बांधलेले अंदाज खरे की खोटे, ते त्यावरच ठरणार होतं. यंत्र गेलं तर सगळ्या मेहनतीवर पाणी!

बर्फगाडी चालवत होते पाटणकडचे हंबीरराव, लष्करातले जुने ड्रायव्हर.

“असं त्वांड का पाडलंय, ताई? तुमच्याच फोटूत बर्फ जागच्या जागी हाय न्हवं?”

होता खरा! रडारला ढग आडवे येत नाहीत की अंधार. नुकत्याच झालेल्या वादळाआधीचं चित्र आणि कालचं चित्र तिने एकावर एक ठेवून पाहिलं होतं. एकही खूण सरकली नव्हती. तेच तिला खुपत होतं. एवढं वादळ झालं आणि बर्फ ढिम्म? पाणी कुठेतरी मुरत होतं.

“मामा, पुरात आम्ही गल्लीतल्या पाण्याच्या कडेला वीट ठेवतो. एकदा झोपताना पाणी विटेला, सकाळीही विटेलाच. आम्ही खूश! मग भिंतीकडे बघितलं, तर हातभर वर ओल. रात्रीत पाणी चढून उतरलं होतं.”

“सांगलीकर लय संशयी!” हंबीरराव हसले.

यंत्र बसवायला आले तेव्हा हंबीररावांनी वाटेवर लाल फडक्यांचे बांबू एका ओळीत रोवले होते. त्या ओळीनेच गाडी चालली होती. यंत्र समोर दिसू लागलं तेव्हा अपूर्वाने सहज मागे वळून पाहिलं.

“थांबा! गाडी बंद करा!”

मागची रांग मधेच तुटली होती. अलीकडचे बांबू सरळ, पलीकडचेही सरळ, पण दोन्ही ओळींत हातभर फरक.

“मामा, रोवताना चुकलात का तुम्ही?”

“मी? दोरी न लावता उसाची सरी सरळ धरनारा मानूस हाय मी!”

ते चुकले नव्हते, म्हणजे बर्फच हलला होता! वादळात तिथे तुटून दूर गेला, वारा फिरल्यावर परत येऊन टेकला, आणि भेगेवर नवं हिम पडलं. हातभर फरक आकाशातून कुठला दिसायला? दोघंही आता त्या तुटक्या तुकड्यावर होते.

“यंत्र समोरच हाय की. पळत जाऊन उपटून आनतो!” हंबीररावांनी दार उघडलं.

अपूर्वाला हो म्हणावंसं वाटलं. फार वाटलं. तेवढ्यात, इंजिन बंद असतानाही, गाडीतल्या फळीवरचे स्टीलचे पेले किणकिणू लागले.

हंबीररावांनी दार लावून घेतलं. कोयनेच्या खोऱ्यात वाढलेला माणूस! फळीवरची भांडी वाजली की आधी घराबाहेर, मग विचार, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं.

“भांडी वाजली, ताई. यंत्र तुमचं हाय. तुमी सांगा.”

“राहू दे ते! मागे फिरा!”

गाडी गर्रकन वळली. बर्फावर काळी रेघ उमटली. रेघ रुंदावली. पाणी!

“घट्ट धरा!”

गाडीचं तोंड पलीकडच्या कडेवर आदळलं. मागचा भाग खचला. चाकांभोवतीचे पट्टे नुसतेच गरगरले. एक हिसका! आणखी एक! पट्ट्यांना कड सापडली आणि गाडी वर आली!

बरंच पुढे आल्यावर ते थांबले. मागे तो तुकडा यंत्रासकट समुद्राकडे निघाला होता. अपूर्वा मोकळेपणाने रडली. हंबीररावांनी थर्मासमधला चहा पेल्यांत ओतला. मग दोन बांबू घेऊन ते खाली उतरले आणि गाडीपुढच्या बारीक चिरेच्या दोन्ही अंगांना एकेक रोवून समोरासमोर नीट जुळवून पाहू लागले.

“वीट न्हाई मिळाली,” ते म्हणाले.

रिकामे पेले अपूर्वाने पुसून फळीवर ठेवले, एकमेकांना खेटून, जरा हललं तरी वाजतील असे.