कुंडी नेमकी पडली कुठून?

"थांब! मागे घे! अजून मागे!" फेनाने धाकट्या भावाच्या हातातून फोन हिसकावलाच.

"अगं, माझ्या हॅमस्टरची कालची शर्यत आहे ती!" जोरिट ओरडला. "स्लो मोशनमध्ये काढलीय, खराब करू नकोस!"

"हॅमस्टर गेला उडत! मागची खिडकी बघ."

टेबलावर हॅमस्टर एकेक पाय सावकाश उचलत होता आणि त्याच्यामागच्या खिडकीतून एक तपकिरी गोळा वरून खाली सरकला. कुंडी! काल सकाळी हीच कुंडी खाली रस्त्यावर शेजारच्या इलियासच्या घरच्या, मुलांना बसवायच्या पेटीच्या सायकलवर आदळली होती. पुढच्या लाकडी पेटीचा चुराडा झाला. मिनिटभर आधीच इलियासने आपल्या छोट्या बहिणीला त्या पेटीतून उचलून घेतलं होतं!

कालपासून फेनाला चैन नव्हतं. बसली की उठत होती, उठली की खिडकीशी जात होती. कारण सगळ्यांनी एकाच माणसाकडे बोट दाखवलं होतं, ते म्हणजे वरच्या मजल्यावरच्या ट्रूस आजींकडे. त्यांच्या खिडकीत कुंड्यांची रांगच होती. "आठ होत्या की नऊ?" आजी पुन्हा पुन्हा स्वतःलाच विचारत होत्या. "मी तर आत कॉफी करत होते... की नव्हते गं?"

घरमालक बारेंड्सकाकांनी तर लगेच आजींच्या मुलीला फोन लावला, "तुमच्या आईंना आता काही आठवत नाही. उद्या कोणाचा तरी जीव जाईल!" मुलगी, एल्सके, आज चार वाजता येणार होती. आजींना वृद्धाश्रमात न्यायला! अॅमस्टरडॅमच्या या कालव्याकाठी आजींनी सेहेचाळीस वर्षं काढली होती.

आणि घड्याळात वाजले होते अडीच.

फेना धावत शेजारी गेली आणि इलियासला ओढतच घेऊन आली. तो घुश्शातच होता. "आजींची बाजू घ्यायला मला बोलावू नकोस. माझी बहीण वाचली, म्हणून ठीक!"

"बाजू घेऊ नकोस, गणित कर! वर्गात मोठा तोरा मिरवतोस ना? ही फिल्म बघ. कुंडी किती सपकन गेली!"

इलियासने एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं आणि त्याचा राग कुठल्या कुठे पळाला. "एका सेकंदात किती फ्रेम?"

"एकशेवीस," जोरिट म्हणाला.

त्यांनी एकेक फ्रेम सरकवत मोजली. खिडकीच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत चौदा फ्रेम. जोरिटने टेप लावली. खिडकी दीड मीटर उंच.

"म्हणजे वेग सेकंदाला साधारण तेरा मीटर," इलियास पुटपुटला. "पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला दहा मीटरने वाढतो. तेरा व्हायला एक पूर्णांक तीन सेकंद लागणार. सुरुवातीला वेग शून्य, शेवटी तेरा, म्हणून सरासरी साडेसहा. साडेसहा गुणिले एक पूर्णांक तीन..." त्याने मान वर केली. "कुंडी या खिडकीच्या मध्याच्या साडेआठ मीटर वरून पडलीय!"

"आणि आजींची खिडकी?"

ते दोन-दोन पायऱ्या चढत वर पळाले. आजींच्या खिडकीच्या कट्ट्यावरून फेनाच्या खिडकीच्या मध्यापर्यंत टेप सोडली. फक्त सव्वादोन मीटर! एकेक मजला तीन मीटरचा. आजींच्या वरच्या मजल्यावरचे विद्यार्थी सुट्टीत स्पेनला गेलेले, शिवाय तो कट्टा सव्वापाच मीटरवर. आणि त्याच्यावर होता माळा. सव्वाआठ!

"माळा तर बंद असतो," जोरिट म्हणाला.

"असं बारेंड्सकाका म्हणतात!" फेना म्हणाली.

चारला पाच मिनिटं असताना एल्सके आली. बारेंड्सकाका तिच्या मागोमाग, जणू तेच तिला घेऊन आले होते. फेनाने एका दमात सगळं सांगितलं. काका खो खो हसले.

"उचलली जीभ लावली टाळ्याला! अरे, भरलेली कुंडी जड असते. जड वस्तू झपकन पडते, हे शेंबड्या पोरालाही कळतं! त्यात कसली तुमची गणितं?"

एल्सकेने घड्याळाकडे पाहिलं. "मुलांनो, तुमचा हेतू चांगला आहे, पण..."

फेना दार अडवून उभी राहिली. आता ही आजींना घेऊन जाणार!

"मग टाकून बघा!" ती जवळजवळ किंचाळलीच. "आत्ता, इथूनच! एक कुंडी आणि एक बटाटा!"

खाली जुनी गादी अंथरली गेली. इलियास दोन्ही हात पसरून येणाऱ्या-जाणाऱ्या सायकलींना अडवू लागला. "थांबा हो, विज्ञान चाललंय!" जोरिट आपल्या खिडकीशी फोन रोखून बसला. आणि कुंडी उचलली ती खुद्द ट्रूस आजींनी. त्यांनी कुणाला मदत करू दिली नाही. एका हातात मातीने भरलेली कुंडी, दुसऱ्यात बटाटा.

"एक, दोन, तीन!"

धप्प! एकच आवाज.

"दोन्ही एकदम!" इलियास खालून ओरडला. "अगदी एकदम!"

जोरिट धापा टाकत वर आला. "सत्तावीस फ्रेम! कुंडीलाही सत्तावीस, बटाट्यालाही सत्तावीस!"

"काल होत्या चौदा," फेना म्हणाली. "कालची कुंडी दुप्पट वेगात होती. म्हणजे ती इथून पडलेलीच नाही. खूप वरून आली, माळ्यावरून!"

"काहीतरीच काय!" बारेंड्सकाका लालेलाल झाले. "माळा बंद आहे! खिडकी तर मी काल लगेच लावून घेतली!"



"बंद माळ्याची खिडकी काल लावून घेतलीत?" एल्सके हळूच म्हणाली. "किल्ली द्या."

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! माळ्यावर नवा रंग, नवे पडदे आणि कट्ट्यावर दोन तपकिरी कुंड्या. दोन्हींच्या मध्ये मातीचं एक ओलसर गोल वर्तुळ. काकांनी खोली भाड्याने द्यायला फोटो काढले होते. छान दिसावं म्हणून तीन कुंड्या बाहेरच्या कट्ट्यावर ठेवल्या आणि पडदे नीट करताना कोपर लागलं.

"मी घाबरलो हो," काका पुटपुटले. "खाली बघितलं तर ती पेटी..."

"आणि माझ्या आईवर ढकलून मोकळे झालात!" एल्सके कडाडली. "सायकलचं नुकसान भरून द्याल, मुलीच्या आईवडिलांची माफी मागाल आणि आधी इथे, या घडीला, माझ्या आईची!"

काकांनी मान खाली घालून माफी मागितली. इलियासही आजींसमोर उभा राहिला. "आजी, मीसुद्धा तुम्हालाच बोल लावला होता. चुकलो."

"तू चुकलास, पण हिशेबही तूच केलास," आजी म्हणाल्या. त्यांनी फेनाचे दोन्ही गाल हातात धरले. "शाब्बास गं माझे बाई! कालपासून मी गॅस तीनतीनदा तपासतेय. रात्रभर स्वतःचीच भीती वाटत होती. मी कॉफीच करत होते. मला बरोबर आठवत होतं!" आणि कालपासून न रडलेल्या आजी घळाघळा रडल्या. फेनालाही हुंदका आवरला नाही.

एल्सके पुढे झाली. "आई, चुकलं माझं. या मुलांनी जे केलं, ते मी करायला हवं होतं."

"गणित नको गं करूस," आजी डोळे पुसत म्हणाल्या. "नुसता मला फोन करायचास. बारेंड्सचं ऐकण्याआधी मला विचारायचंस."