काचेच्या कडेचा पाहुणा

एका पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. तिथूनच सुरुवात केलेली बरी, कारण नंतर सांगू म्हटलं तर मी हमखास टाळीन. टाळण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

पत्र आखीव कागदावर होतं, अक्षर गोल आणि सावकाश. लिहिणाऱ्या बाई चौपन्न वर्षांच्या, इथून दीड दिवसाच्या वाटेवर असलेल्या एका गावात शिवणाचे वर्ग घेणाऱ्या. "साहेब, तुम्ही मला ओळखत नाही, पण मी तुमची सही ओळखते. पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि पुन्हा अंगावरून जायला लागलं. बहिणीकडे येऊन दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी पिशवीच्या आतलं अस्तर खरवडून तुमच्याकडे तपासायला पाठवलं. तुम्ही लिहिलंत, कॅन्सर नाही. घरातल्या सगळ्यांच्या जिवात जीव आला. पण जाणं थांबलेलं नाही. तुमच्यावर शंका नाही. फक्त एकदा पुन्हा पाहाल का?"

मी पत्राची घडी घातली आणि वाचत होतो त्या पुस्तकात खूण म्हणून ठेवली. उद्या पाहू म्हटलं. ते पुस्तक संपलं, पत्र दुसऱ्या पुस्तकात गेलं. चार महिन्यांत सहा पुस्तकं झाली.

"अहो, ते पत्र वाचताय की पाठ करताय?" बायको एकदा म्हणाली.

मी नुसता हसलो. खरं म्हणजे भीती वाटत होती. पुन्हा पाहिलं आणि काही दिसलं तर?

निवृत्तीनंतर मी एका खाजगी लॅबमध्ये जात होतो. चष्म्याच्या दुकानावर दुसरा मजला, दोन खोल्या, तुकडे टिकवायच्या फॉर्मॅलिनचा डोळ्यांत झोंबणारा वास. बाहेरच्या खोलीत आमच्या टेक्निशियनबाई. त्यांचा सगळा दिवस मेणात जायचा म्हणून त्यांना सगळे मेणबाई म्हणत. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा त्या मेणाच्या ठोकळ्यात बसवायच्या, पात्याखाली धरून त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायच्या, ते कोमट पाण्यावर तरंगत सोडायच्या आणि अलगद काचेवर उचलून घ्यायच्या. मग ती काच गुलाबी-जांभळी रंगवून माझ्या मायक्रोस्कोपखाली यायची.

कधीकधी आधीच्या रुग्णाचा एखादा कण पाण्यात राहतो आणि पुढच्या रुग्णाच्या काचेवर कडेला चिकटून येतो. त्याला आम्ही पाहुणा म्हणायचो. पाहुणा ओळखायचा आणि सोडून द्यायचा. तो घरचा समजलात, तर भलत्याच माणसाच्या नावावर भलताच आजार लिहून बसाल.

पहिला पाहुणा एका सत्तरीच्या गृहस्थांच्या पित्ताशयाच्या काचेवर आला. गर्भाशयाचं अस्तर होतं ते.

"मेणबाई, या आजोबांना गर्भाशय आहे."

"असू दे की सर. म्हातारपणी आधार."

हसतच त्यांनी पाणी ओतून दिलं, भांडं घासलं, पातं बदललं. मग वही चाळताना त्या थांबल्या. "पण सर, आठवडाभरात बायकांचं एकही सॅम्पल नाही आलेलं."

तुकडा लहानसाच, कोयरीच्या आकाराचा, निमुळत्या टोकाला तुटकी खाच. आतल्या ग्रंथी सुट्या सुट्या, नीटस. एकदोन जरा वेड्यावाकड्या. मी सोडून दिला.

आठ दिवसांनी एका शाळकरी मुलीच्या टॉन्सिलच्या काचेवर तीच कोयरी दिसली, तीच खाच. ग्रंथी मात्र आता दाटीवाटीने एकमेकींना खेटून उभ्या होत्या.

हा बदल मी हजारो वेळा पाहिला आहे. कॅन्सर असाच येतो, आधी गर्दी, मग धक्काबुक्की. पण तो जिवंत शरीरात येतो. फॉर्मॅलिनमध्ये पडलेला तुकडा मेलेला असतो, होता तसाच राहतो. फोटोतला माणूस म्हातारा होत नाही. मी स्वतःला म्हटलं, आकार सारखा वाटला असेल. तुझे डोळे थकलेत.

तिसऱ्यांदा कोयरी एका पाठीवरच्या तिळाच्या काचेवर आली. ग्रंथींमध्ये आता जागाच उरली नव्हती. पेशींची केंद्रं सुजलेली, काळपट, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. शंकेला जागा नव्हती. हा कॅन्सर होता, आणि तो कुणाचाच नव्हता.

मी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला आणि मेणबाईंना हाक मारली.

"कपाटातून सहा महिन्यांतल्या गर्भाशयाच्या सगळ्या काचा काढा."

त्रेसष्ट निघाल्या. एकेचाळिसावी शिवणाच्या बाईंची होती. क्रमांक मला पाठ होता. पत्रात त्यांनी तो दोनदा लिहिला होता. काचेवर अस्तराचे तुकडे विखुरलेले होते, सगळे निर्धोक. उजव्या कडेला मात्र एक मोकळी जागा होती. आजूबाजूच्या रक्ताच्या कणांमध्ये स्वच्छ कापून काढल्यासारखी. कोयरीची, टोकाला खाच असलेली.

आणि त्या रिकाम्या जागेवर, काचेच्या वरच्या बाजूला, शाईचा निळा ठिपका होता.

संशय आला की आम्ही काचेवर ठिपका देतो. म्हणजे, इथे परत येऊन नीट पाहायचं. त्या लॅबमध्ये ठिपके देणारा मी एकटाच होतो.

तेव्हा आठवलं. दुपार होती, ठिपका दिला होता. मग मनात आलं होतं, तुला हल्ली सगळीकडेच भुतं दिसतात, उगाच एका बाईची पिशवी काढायला लावशील. आणि मी सही केली होती. माझ्या हातून चूक झाली असेल तर ती नकळत, असं मी इतके दिवस समजत होतो. चूक नव्हती ती. मला दिसलं होतं.

मेणबाईंनी बाईंचा जुना ठोकळा काढून उरलेलं सगळं कापलं. "आत काही नाही सर. सगळं साफ आहे."

म्हणजे पुरावा नव्हता. होता तो पित्ताशयाच्या, टॉन्सिलच्या आणि तिळाच्या काचांवर.

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. "सर, तुमच्या सहीवर मी डोळे मिटून चालते," त्या म्हणाल्या.

"आज उघडा. त्या शिवणाच्या बाईंचा माझा रिपोर्ट चुकलाय."

त्यांनी पलीकडे वही चाळली. मग हळू म्हणाल्या, "त्या पुन्हा आल्याच नाहीत. घेऊन या त्यांना. गर्भाशय, दोन्ही अंडाशयं, सगळं काढू. पसरलं नसेल तर बऱ्या होतील, सर. पसरलं असेल तर मग मला काही सांगता येणार नाही."

तपासणीच्या कागदावर बाईंच्या दिराचा फोन नंबर होता. तो दुकानात असावा. मागे कात्रीचा आणि गिऱ्हाइकांचा आवाज येत होता.

"वहिनी झोपूनच असतात. अशक्तपणा आलाय. पण तुमचा कागद साफ आहे ना? सही तुमचीच ना?"

"माझीच. पण..."

"मग साहेब, काल नाही म्हणालात, आज हो म्हणताय, उद्या काय म्हणाल? वहिनी म्हणतात, साहेबांना पत्र घातलंय, त्यांचं उत्तर येऊ दे. त्या कुणाचंच ऐकत नाहीत. तुम्ही लेखी द्या. कागद हातात आला की त्याच दिवशी निघतो."

त्याचं काही चुकत नव्हतं. मी स्वतः गेलो असतो तरी टपालाच्याच गाडीने गेलो असतो आणि टपालाच्याच वेळी पोचलो असतो.

मी कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं. हात चालेना. चाळीस वर्षांत एकही शब्द मी पुराव्याशिवाय लिहिला नव्हता. आता काय लिहू? तुमचा आजार मला दुसऱ्यांच्या काचांवर दिसतो?

"मेणबाई, एक काम करा. कोरा ठोकळा कापा. नुसतं मेण."

त्यांनी सगळं नवं घेतलं. नवं मेण, नवं पातं, नवं पाणी. नवी काच स्वतः पुसून दिव्यासमोर धरून मला दाखवली. मेणाचा काप उचलला, वाळवला, रंगवला. तास गेला. काच माझ्या टेबलावर ठेवून त्या दोन पावलं मागे सरल्या.

"तुम्हीच बघा सर. मी नाही बघत."

मी डोळा लावला.

या वेळी पाहुणा कडेला नव्हता. मधोमध होता.

कोयरी वाढली होती. ग्रंथी फुटून खालच्या स्नायूंत शिरल्या होत्या. नुसत्या खरवडीत इतका खोल स्नायू येत नाही. भोवतीचं रक्त ताजं दिसत होतं.

मध्ये एक पेशी दुभंगायच्या बेतात होती. तिचे जांभळे धागे मधल्या रेषेवर शिस्तीत उभे होते. अशी पेशी दिसली की तिची नोंद करायची, ही माझी जुनी सवय. मी मान वळवून कागदावर एक ओळ लिहिली.

पुन्हा डोळा लावला.

धागे मधल्या रेषेवर नव्हते. अर्धे एका टोकाला गेले होते, अर्धे दुसऱ्या.

मी काच हलवली नव्हती.

"मेणबाई. बघा इथे. किती पेशी दिसतात?"

त्या आल्या. वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या.

"दोन, सर."

"मघाशी एक होती."

त्यांनी हात पुढे केला आणि मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला. नंतर त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी लिहायला घेतलं.

"आपलं पत्र मला चार महिन्यांपूर्वी मिळालं. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं. आपल्या अस्तरात कॅन्सरची लक्षणं मला पहिल्याच दिवशी दिसली होती. मी ती लिहिली नाहीत, हा माझा दोष आहे. आपल्या डॉक्टरांचा नाही. माझा आधीचा कागद फाडून टाका. हे पत्र वाचाल त्याच दिवशी निघा. वाट पाहू नका."

सही केली. सवयीने वाचून पाहिलं. 'दिसली होती' की 'दिसली होती असं वाटतं'? खोडून पुन्हा लिहिलं. नवा कागद घेतला. चार वेळा वाचलं.

"सर, जा आता," मेणबाई म्हणाल्या. "झालंय ते."

टपालपेटी चौकाच्या कोपऱ्यावर होती. तिच्यावरच्या पाटीवर शेवटचं टपाल काढायची वेळ लिहिली होती, पाच. माझ्या घड्याळात पाच वाजून नऊ मिनिटं झाली होती. टपालाची लाल गाडी पुढच्या वळणावर सिग्नलला उभी दिसली. मी हात वर केला, हाकही मारली बहुधा. माझा आवाज मुळात बेताचाच. गाडी वळली.

मी पाकीट पेटीत टाकलं. ते उद्या सकाळी निघेल आणि परवा संध्याकाळी पोचेल. एका पेशीच्या दोन व्हायला तासभर तरी लागतो, असं मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. मघाशी मात्र तिला माझी एक ओळ लिहून होईपर्यंतचाच वेळ पुरला होता.