सात नंबरचा दिवा

खारूला मासा व्हायचं होतं आणि माशाच्या कपाळाला दिवा हवा होता. म्हणून एका शनिवारी सकाळी मी दवाखान्याच्या भंगाराच्या खोलीत गेलो. काम एवढंच होतं.

खारू म्हणजे माझी मुलगी. वय आठ. घास गालात साठवून ठेवते म्हणून खारू. शाळेत वेशभूषेची स्पर्धा होती. बाकीची पोरं राजे, पऱ्या, डॉक्टर होणार होती आणि हिने कुठल्याशा पुस्तकात खोल समुद्रातला एक महाकुरूप मासा पाहून ठेवला होता. तिथे म्हणे डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही इतका अंधार असतो. हा मासा कपाळातून एक काडी बाहेर काढतो, तिच्या टोकाला दिवा लावतो आणि तोंड उघडून नुसता बसून राहतो. मग लहान मासे आपणहून येतात. बायको म्हणाली, विकतचे पंख आणू आणि परी करू. मी ऐकलं नाही. बाप वायरमन असताना पोरीने विकतचं काही घालायचं म्हणजे माझीच शोभा.

मी त्या दवाखान्यात एकोणीस वर्षं वायरमन आहे. भंगार दिसलं की माझे हात शिवशिवतात. घरातला पंखा, रेडिओ, पाण्याची मोटर, सगळं मी टाकाऊतून उभं केलेलं आहे. त्या खोलीत रबराचा आणि स्पिरिटचा जुना वास कोंडलेला असतो, बाहेर आल्यावरही तासभर नाकातून जात नाही. मी फिनेलचा वीस लिटरचा मोठा डबा उचलला, तो माशाचं डोकं. खाटांवरच्या लाल रबरी चादरी घेतल्या, ती कातडी. जुन्या एक्स-रेच्या फिल्म घेतल्या, त्यांचे पर झकास होतात. सलाइनच्या स्टँडची वाकडी सळई मिळाली, ती कपाळावरची काडी. आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलेला बायकांच्या वॉर्डातला बेलचा बोर्ड दिसला.

हा बोर्ड काय ते सांगायला हवं. वॉर्डात सिस्टरच्या टेबलाच्या वरच्या बाजूला, भिंतीला, एक लाकडी फळी होती. तिच्यावर बारा छोटे दिवे, प्रत्येकाला लाल टोपी, टोपीवर खाटेचा नंबर. पेशंटच्या उशाशी वायरला लोंबणारं एक बटण असायचं. ते दाबून धरलं की इकडे त्या नंबरचा दिवा लागायचा आणि कोणीतरी उठून जायचं. दिवे टॉर्चच्या बल्बसारखे, आट्यांचे. नवी व्यवस्था आली तेव्हा हा बोर्ड मीच काढला होता.

घरी आणून एकेक बल्ब सेलला लावून पाहिला. अकरा गेलेले होते. सात नंबरचा तेवढा लख्ख लागला.

तो नंबर पाहून माझा हात थांबला का? थांबला. खोटं कशाला सांगू? पण क्षणभरच. कोणाचा हात कुठल्या बटणावर होता हे बल्बला काय ठाऊक, असं मी मनाशी म्हटलं आणि टोपीवरचा सात पॉलिश पेपरने घासून काढला.

सात नंबरच्या खाटेवर तीन वर्षांपूर्वी एक म्हाताऱ्या बाई होत्या. पुढेमागे कोणी नाही, भेटायला कुत्रं फिरकत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे हातभर अंतरापलीकडचं दिसत नसे. आणि बेल दाबायची भारी हौस. उशी फिरवा, खिडकी लावा, किती वाजले. एकदा तर, बेल चालते की नाही ते पाहायला दाबली, असं म्हणाल्या. सगळा वॉर्ड कावला होता. शेवटी इन्चार्ज सिस्टर मला म्हणाली, "तिचं जरा बघा हो काहीतरी." नुसतं बघा म्हणाली, बंद करा म्हणाली नाही. आमच्याकडे असंच बोलतात. मला समजलं.

मी स्टूल घेऊन चढलो. असल्या पेशंटसाठी आमची एक युक्ती होती. बल्ब काढायचा नाही, वायर तोडायची नाही, कोणी तपासलं तर सापडायला नको. फक्त अर्धा आटा सैल करायचा. दिवा जागच्या जागी दिसतो, लागत मात्र नाही.

खाटेवरून बाईंनी विचारलं, "कोण आहे रे तिकडे? दिवा दुरुस्त करतोयस का?"

"हो आजी. आता एकदम मस्त लागेल."

"देव तुझं भलं करो," त्या म्हणाल्या. सिस्टरने हसू दाबायला तोंडावर हात घेतला. मलाही हसू आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच बोर्डाखाली बसून डबा खात होतो. वॉर्डाचे पडदे ओढलेले, आजूबाजूचे पेशंट पेंगलेले. सातकडून आवाज येत होता. टक. टक. टक. बटण दाबल्याचा. मी सिस्टरला म्हटलं, "आता काय हवंय हिला?" ती म्हणाली, दाबू दे, बोटांना व्यायाम. आम्ही हसलो. मग हळूहळू टकटक कमी झाली आणि एकदा शेवटची टक होऊन थांबली. मी डबा धुतला, झाकण लावलं.

चारला पाळी बदलायची. पुढच्या पाळीची सिस्टर खडूस होती, म्हणून मी चढून बल्ब पुन्हा आवळला. आवळताक्षणी तो लागला. सिस्टर वैतागली, आयाला म्हणाली, जा, बघ काय म्हणते. आया गेली आणि तशीच उलट्या पावली परत आली. बाई जाऊन दोन तास झाले होते. अंगठा बटणावर तसाच दाबलेला होता, सोडवायला दोघी लागल्या. त्या वेळात दिवा माझ्या डोक्यावर लागलेलाच होता.

कोणी काही विचारलं नाही. मीही कोणाला सांगितलं नाही. महिनाभर जेवण गेलं नाही, मग जायला लागलं.

तर मासा. चार दिवस खपून मी तो केला, आणि मीच केला म्हणून सांगत नाही, बघणारा दचकायचा. डब्याला जबडा कापला, दात लावले, आतून एक्स-रेची काळी फिल्म चिकटवली म्हणजे खारूचं तोंड दिसायला नको. सळईच्या टोकाला होल्डर, त्यात तो बल्ब. नाचताना ढिला पडू नये म्हणून मी तो गच्च आवळला आणि वरून घट्ट होणाऱ्या गोंदाचा थेंब सोडला. वायर पाठीवरून आत घेतली, चार सेल कमरेला, बटण तिच्या मुठीत. डोकं घसरू नये म्हणून मानेपाशी रबरी चादरीला प्लॅस्टिकचा टाय मारला. हा टाय एकदा ओढला की फक्त आवळतो, सैल होत नाही, कापावाच लागतो. बायकोने विचारलं, गळ्याला लागणार नाही ना? मी दोन बोटं घालून दाखवली.

"आत गरम होतंय, बाबा," खारू म्हणाली.

"पाचच मिनिटं घालायचंय. आणि हे बघ, काही झालं तर बटण दाबत राहा. दिवा लुकलुकला की मी आलोच. कटर माझ्या खिशात आहे."

"नक्की?"

"दिवा दिसला की येणारच ना."

तिला ते पटलं. डब्याच्या आतून हसल्याचा आवाज आला.

स्पर्धा शाळेच्या सभागृहात, दुपारी. काही वेशांना दिवे लावलेले होते म्हणून काळे पडदे ओढले होते. मी तिसऱ्या रांगेत बसलो, शेजारी बायको. नंबर लांबत गेला. पाच मिनिटांची पंचवीस झाली. मग शाळेच्या बाईंनी पुकारलं आणि रंगमंचावरचे दिवे गेले.

मासा बाहेर आला. त्याची नुसती सावली कळत होती. मधोमध येऊन उभा राहिला. आता दिवा लागणार म्हणून मी बायकोला कोपराने ढोसलं.

दिवा लागला नाही.

लोक वाट पाहत होते. कोणीतरी खोकलं. मला घाम फुटला, पण भीतीचा नव्हे, लाजेचा. चार दिवसांची मेहनत, आणि ही पोरगी बटण दाबायला विसरली. मग त्या शांततेत मला आवाज आला. टक. टक. टक.

"आता काय हवंय हिला?" मी म्हणालो.

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं, बायकोने ऐकलं, आणि मी जागच्या जागी गार पडलो. उठायला हवं होतं. पाय उचलेनात. कोणीतरी दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून बसल्यासारखं वाटत होतं... थंड, हलके, म्हाताऱ्या माणसाचे हात. टक... टक... मासा एका बाजूला कलला. गुडघ्यांवर आला. मग हळूच आडवा झाला, एक पर दोनदा हलला. लोकांना वाटलं, मासा तळाला गेला, काय सुंदर केलं. सभागृहभर टाळ्या पडल्या. टाळ्यांचा आवाज जोरात असतो, त्यात बाकी काही ऐकू येत नाही.

बायको ओरडली तेव्हा माझे पाय सुटले.

टाय कापला, डबा उपसला. खारू निळी पडली होती. कोणीतरी तोंडाने श्वास दिला, कोणीतरी गाडी काढली. मी तिला उचलून धावलो तेव्हा वायरला लोंबणारा डबा सळईसकट माझ्या खांद्यावर आपटत होता आणि मी चालत्या गाडीत, पोर मांडीवर असताना, वेड्यासारखा तो बल्ब चाचपला. गोंदाचा थेंब होता तसा अखंड होता. बल्ब मात्र अर्धा आटा सैल होता.

पोरगी वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन मिनिटं गेली असती तर काही खरं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती नीट बोलली. मी तिचा हात धरून म्हटलं, बेटा, चुकलो मी, मला दिवा दिसलाच नाही.

"माहीत आहे," ती म्हणाली. "त्या म्हणाल्या होत्या."

"कोण?"

"आत होत्या ना... आजी. मी बटण दाबत होते तर त्यांनी माझा अंगठा धरला. म्हणाल्या, दाबू नकोस बाळ. कोणी येत नसतं."

तिने हे रडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. वर्गात शिकवलेला धडा सांगावा तसं सांगितलं.

त्यानंतर तिने मला हाक मारलेली नाही. गेल्या महिन्यात जिन्यावरून पडली, हात मोडला, आणि मी बाहेर येईपर्यंत तासभर पायरीवर मुकाट बसून राहिली. दार उघडंच होतं, मी आत पेपर वाचत होतो. विचारलं, हाक का नाही मारलीस? तर मोडका हात सांभाळत उठून आत गेली. मी तिच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. बायको आता माझ्याशी कामापुरतं बोलते. तिला वॉर्डातलं काही माहीत नाही, पण सभागृहातलं माझं वाक्य तिने ऐकलेलं आहे.

परवा खारूला ताप भरला. बायको कामावर. भर दुपारी मी औषध आणायला कोपऱ्यावर गेलो, दहा मिनिटांत आलो. तिच्या खोलीचं दार लागलेलं होतं. ढकललं, तर आतून कडी. ती कडी दाराच्या वरच्या टोकाला आहे, मलासुद्धा हात उंच करावा लागतो. खोलीत खुर्ची नाही, स्टूल नाही.

मी कान लावला. आत कोणीतरी चादर झटकत होतं. मग चमचा भांड्यावर आपटल्याचा बारीक आवाज झाला.

"खारू... दार उघड बेटा. औषध आणलंय."

"थांबा बाबा," ती आतून म्हणाली, अगदी शांत. "माझं औषध घेऊन झालं की त्या उघडतील."

बाटली माझ्या हातात होती, सील न तोडलेली. मी दारावर मुठी आपटल्या, खांदा मारला. दार हललं नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग वरची कडी आपसूक सरकली आणि दार उघडलं. खोलीत खारू एकटीच होती, गाढ झोपलेली. अंग गार, ताप उतरलेला. उशी नीट फिरवलेली, खिडकी लावलेली. तिच्या ओठांच्या कोपऱ्याला काहीतरी काळपट, चिकट लागलं होतं. मी ते बोटाने पुसलं आणि हुंगलं. एकोणीस वर्षं दवाखान्यात काढली, तिथलं एकूण एक औषध मी डोळे मिटून वासावर ओळखतो. हे त्यातलं नव्हतं.