अमावस्येचं उधाण

दगडाबाईंच्या अकरा गाभण मेंढ्या खाडीतल्या खडकाळ बेटावर अडकल्या होत्या, आणि त्या परत आणायला आम्ही तिघं निघालो: स्वतः दगडाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, माझा दीर नाथा, आणि मी, योगिता. पाटोद्याकडचा चारा संपला की आम्ही कळप घेऊन कोकणात उतरतो. यंदा पहिल्यांदाच मुक्काम थेट समुद्रकाठी पडला होता. आदल्या संध्याकाळी ओहोटी असताना हिरवं गवत बघून मेंढ्या वाळूच्या दांड्यावरून बेटावर गेल्या, आणि अंधार पडला.

सकाळी सहाला पाहिलं, तर समुद्र कधी नव्हे इतका मागे हटलेला!

"वहिनी, पाणी परत आलं तर?" नाथाने विचारलं.

"भाऊजी, आज आवस हाय. भरती चांदामुळं येती. चांदच न्हाई, तर पाणी कोण वडणार?" मी ठसक्यात सांगितलं. शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं ना! काठावरच्या कोळ्यांना विचारावं, असं मला वाटलंसुद्धा नाही.

मेंढ्या सापडल्या. परतताना दांड्याच्या मधोमध एक मेंढी व्यायला बसली.

"निवांत होऊ दे तिचं," आत्या म्हणाल्या. कुणालाच घाई नव्हती. कोकरू बाहेर आलं, आत्या त्याला पदराने पुसू लागल्या, आणि नाथा ओरडला, "आये, म्होरं बघ!"

किनाऱ्याकडचा सखल भाग पाण्याने भरला होता. वाट तुटली! आमच्याकडे नदीला पाणी येतं ते गढूळ, आवाज करत. इथे गर्जना नाही, काही नाही. सगळा समुद्रच मुकाट्याने वर येत होता.

"बेटाकडं फिरा!" आत्या ओरडल्या.

मेंढ्या हलेनात. पाणी घोट्याला. पाणी गुडघ्याला! आत्यांनी ओलं कोकरू उराशी धरलं आणि त्या बेटाकडे घुसल्या. त्याची आई मागे धावली, तिच्यामागे बाकीच्या दहा. पाणी कमरेला! मी पडले. नाकातोंडात खारं पाणी गेलं. उठले, ढकलत राहिले. नाथाने शेवटची मेंढी खडकावर ओढली तेव्हा दांडा दिसेनासा झाला होता.

तरी पाणी चढतच होतं. आम्ही एकेक खडक वर सरकत गेलो. भर दुपारी सर्वांत उंच खडकावर आम्ही दाटीवाटीने उभे, आणि पाणी वीतभर खाली. सूर्य डोक्यावर. तेव्हा कुठे पुस्तकातलं पुढचं वाक्य आठवलं. अमावस्येला चंद्र सूर्याच्याच बाजूला असतो, फक्त त्या उजेडात दिसत नाही. आणि दोघं मिळून पाणी ओढतात, म्हणून उधाण येतं. तो तिथेच होता! लाखभर कोसांवरून हा अथांग समुद्र उचलत होता! अंगावर सरसरून काटा आला. लाजेने आणि नवलाने मला रडूच फुटलं.

"आत्या, चुकी माझी हाय. चांद हाय. सूर्याच्या शेजारीच हाय."

आत्यांनी कपाळावर हात धरून वर पाहिलं. "दिसत न्हाई, पन लई जोर हाय गं त्याचा."

पाणी थबकलं. मग बोटभर उतरलं.

संध्याकाळी दांडा उघडा पडला. या खेपेला कोणी क्षणभरही थांबलं नाही. किनाऱ्यावर नाथाने मेंढ्या मोजल्या: अकरा, आणि एक कोकरू. आत्या मात्र पाण्यातच उभ्या राहिल्या. ओहोटी त्यांच्या पायांवरून मागे सरकत होती. त्यांनी वाकून ते पाणी कपाळाला लावलं.

"जा, माय. आमची समदी दिलीस. आता सावकाश जा."