आठव्या मिनिटाचा खोकला

"मला त्या नटीचं डोकं शोधून द्या," खुर्चीत टेकायच्या आधीच अर्थपत्रकार म्हणाला.

भावोजींचा चहा बशीत सांडला. "अरे देवा! आणि धड?"

"धड जागेवर आहे, भावोजी," बाई हसल्या. खासगी गुप्तहेर म्हणून बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. भावोजी, म्हणजे बाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान, निवृत्तीनंतर हौसेने त्यांचे मदतनीस झाले होते, इतकंच.

पत्रकाराने कागद पुढे केले. रंगभूमी गाजवून झाल्यावर या नटीने मुलांना निजवणाऱ्या गोष्टींचं ॲप काढलं आणि वर्षभरात ते घरोघरी पोचलं.

"नटी कंपनी चालवते? छे! ही मूळ योजना. समासात टाइप केलेल्या सूचना, सगळ्या निनावी. हाच खरा मेंदू. पाच वाजता माझा लेख जाईल, 'चेहरा तिचा, डोकं दुसऱ्याचं'. तो वाचला की उद्याच्या बैठकीत भागीदार तिला प्रमुखपदावरून उतरवतील. फक्त नाव हवंय."

एका सूचनेवर बाईंचं बोट थांबलं. 'आठव्या मिनिटाला खोकला. गोष्ट सातातच संपवा.' तारीख ॲप सुरू होण्याच्या महिनाभर आधीची.

"खोकला म्हणजे टोपणनाव," पत्रकार कुजबुजला.

तिघे नटीच्या कचेरीत पोचले. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत भिंतींना दुलया टांगलेल्या, कोपऱ्यात कुणाचं तरी बाळ पाळण्यात पाय झाडत होतं.

कारभार पाहणारा नटीचा धाकटा दीर म्हणाला, "खोकला? मला वाटलं, वहिनींच्या माणसांपैकी कुणी आजारी आहे. दोन डझन औषधाच्या बाटल्या मागवल्या. हव्यात?"

तंत्रप्रमुख तरुणी कपाळावर हात मारून म्हणाली, "मी खोकला पुसणारी यंत्रणाच बनवली! एकही सापडला नाही. पण एक गोष्ट चुकून लांबलेली राहिली होती ना, ती लोकांनी नेमकी आठव्या मिनिटाला बंद केली."

तेवढ्यात नटी आली आणि कंपनीच्या पहिल्या दिवसाचं रसभरीत वर्णन करू लागली. भावोजी खाकरले. तिने वाक्य अर्ध्यावर टाकलं, पुढे झुकून हलकेच म्हणाली, "आणि मग... दारावर थाप पडली." भावोजींचा खोकला जिथल्या तिथे विरला. पाळण्यातलं बाळसुद्धा टक लावून बघू लागलं.

बाई उठल्या. "सापडलं डोकं. आहे तिथेच आहे."

"पुरावा?" पत्रकार.

"सूचना लिहिल्या तेव्हा ॲप नव्हतं, म्हणजे कोण कुठे बंद करतं याचे आकडेही नव्हते. दिराने औषध मागवलं, हिने यंत्रणा बांधली. दोघांनाही खोकल्याचा अर्थ कळला नव्हता. प्रेक्षक कंटाळला की आधी खोकतो, हे कळतं फक्त रंगमंचावरून. आत्ता भावोजी खाकरले, आणि या बाईंनी प्रवेशच बदलला!"

"मी कंटाळलो नव्हतो हो," भावोजी पुटपुटले.

"मग निनावी का?" पत्रकाराने नटीला विचारलं.

"नाव घातलं की सगळे म्हणतात, वा ताई! मला वाद घालणारी माणसं हवी होती." ती पाळण्याला झोका देत म्हणाली, "दिवसभर दमलेल्या आईला गोष्ट संपायच्या आत स्वतःलाच झोप लागली, तरी चालेल. कंटाळा मात्र यायला नको."

पाचाला दहा कमी होते. पत्रकाराने तिथेच नवा लेख लिहिला आणि मोठ्याने वाचू लागला, "तारांकित व्यक्तींच्या उद्योजकतेचे मूल्यमापन करताना बाजारपेठेच्या व्यापक..."

भावोजी खोकले.

पत्रकाराने वाक्य खोडलं. नवं लिहिलं, "मी चुकलो."

कुणीच खोकलं नाही.